पाचशे मीटर आणि बावीस गाळण्या

आमच्या घरी हळदीकुंकू असलं की माझी नेमणूक स्वयंपाकघरात होते. पद चहावाल्याचं, अधिकार शून्य, आणि वीस वर्षांच्या सेवेत बढतीचं नाव नाही. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या घराची पुढची खोली त्या दिवशी बायकांची. मी फक्त ट्रे घेऊन दारापर्यंत जायचं, ट्रे आत सरकवायचा आणि देवळाच्या गाभाऱ्यातून निघावं तसं पाठ न दाखवता मागे यायचं. एका वर्षी मी चुकून आत जाऊन सोफ्यावर टेकलो, तर माझ्याही हातावर अत्तर लागलं. सोमवारी ऑफिसात सगळे लांबूनच बोलत होते.

त्या वर्षी हळदीकुंकू जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी होतं. तारीख बायकोनं नोव्हेंबरातच काढून बावीस जणींना कळवली होती. बावीस जणींचा एक मोकळा शनिवार काढणं हे पंचांगापेक्षा अवघड काम आहे, त्यामुळे तो एकदा निघाला की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. डिसेंबरात मुलाच्या स्पर्धेचं वेळापत्रक आलं. पुरुषांची पाचशे मीटर, त्याच शनिवारी, आमच्याकडच्या घड्याळानं दुपारी तीनला.

मुलगा म्हणजे आमचा एकुलता एक, पंचवीस वर्षांचा. तो स्पीड स्केटिंग करतो. हे वाक्य मी आता सहज लिहितो, पण ते सहज म्हणायला मला फार वर्षं लागली. सुरुवात एका मित्राच्या वाढदिवसाला झाली. सहा वर्षांचा हा मुलगा रिंकवर प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून उभा होता. अर्ध्या तासात त्यानं पेंग्विन सोडला, आणि पुढे हळूहळू बाकीचंही सगळं सोडलं: तबला, क्रिकेट, आणि सिव्हिल इंजिनिअरिंगची डिग्री हातात पडल्यावर हा देश. ब्रिटनमध्ये चारशे मीटरचा मोठा बर्फाचा ट्रॅकच नाही, म्हणून तो चार वर्षं हॉलंडमध्ये एका खोलीत राहून सराव करत होता आणि उरलेल्या वेळात सायकलीच्या दुकानात पंक्चर काढत होता. मी स्वतः आयुष्यात दोनदा बर्फावर घसरलोय, दोन्ही वेळा आमच्या ड्राइव्हवेवर, एकदा हातात कौन्सिलचा रिसायकलिंगचा डबा घेऊन. त्यामुळे हा गुण त्यानं कोणाकडून घेतला हा प्रश्न आमच्या घरी निघतच नाही.

पाचशे मीटर म्हणजे पस्तीस सेकंद. मी बायकोला म्हणायचो, "पस्तीस सेकंदांसाठी चार वर्षं! इतक्या वेळात माझा लॅपटॉपसुद्धा चालू होत नाही."

"तुझा लॅपटॉप पहिला नंबर काढायला पळतोय का?" ती म्हणायची. पाहुण्यांसमोर ती मला अहो म्हणते. स्वयंपाकघरात मी तू असतो.

मागच्या उन्हाळ्यात तो घरी आला होता तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी विषय काढला. म्हणजे तो मी नेहमीच काढायचो, पण या वेळी तयारीनं. म्हटलं, अजून एक सीझन घे. जानेवारीतल्या मोठ्या स्पर्धेत पाचशे मीटरला पहिल्या सोळांत आलास, तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. नाही आलास, तर घरी यायचं आणि नोकरी धरायची. त्यानं ताटातला वरणभात शांतपणे संपवला, हात धुतला आणि माझ्यापुढे केला. "ओके. डील." मराठी घरात बापलेकांनी हात मिळवायची पद्धत नाही. मी ओला हात हातात घेतला आणि मला उगाचच आपण कोणाचं तरी घर विकत घेतोय असं वाटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी नसतो. दुसऱ्याच आठवड्यात मी बर्मिंगहॅमच्या मित्राला फोन केला. तो एका इंजिनिअरिंग कंपनीत डिझाइनचा विभाग सांभाळतो. मी शब्द टाकला. फक्त कानावर घातलंय, अर्ज वगैरे काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण आपल्यात शब्द टाकला की अर्जापेक्षा तो जड होतो. मित्रानं पाच महिने एक जागा माझ्या शब्दावर अडवून ठेवली. मुदत होती स्पर्धेनंतरच्या सोमवारपर्यंत. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं.

आणि मित्राची बायको, म्हणजे बर्मिंगहॅमच्या वहिनी, हळदीकुंकवाला येणार होत्या.

मी प्रत्यक्ष स्पर्धेला का गेलो नाही, असं कोणीही विचारेल. मला मुलानंच येऊ नको म्हणून सांगितलं होतं. आदल्या वर्षी एका स्पर्धेला गेलो होतो, तर मला एका जागी बसवेना. मी कठड्याच्या कडेकडेनं त्याच्याबरोबर चालायला लागलो आणि "वाक! अजून वाक!" असं ओरडत एका डच कुटुंबाच्या सूपमधून गेलो. तो म्हणाला, "बाबा, प्लीज. तुम्ही घरी बघा." पण घरी तरी मी कुठे बघायचो? शर्यत सुरू झाली की मी उठायचो, जिना चढायचो, बाथरूमचा नळ सोडायचो आणि पस्तीस सेकंद झाले असतील असं वाटलं की खाली यायचो. चार वर्षांत त्याची एकही शर्यत मी सबंध पाहिली नव्हती.

दोन वाजता बायका यायला लागल्या. पॅसेजमध्ये बुटांचा आणि जाड कोटांचा ढीग झाला, आणि त्याच्या पलीकडे पैठण्या. अडीचला मी पहिला ट्रे नेला, तर बायकोनं मला दारातच धरलं.

"अहो, लॅपटॉप टीव्हीला जोडून द्या ना. सगळ्याजणी बघायचं म्हणतायत."

"सगळ्या?" मी घाबरून विचारलं. मला वाटलं होतं मी स्वयंपाकघरात मोबाइलवर चोरून बघेन, म्हणजे खरं तर चोरून बघणार नाही.

"मग काय, मुलगा फक्त तुमचाच आहे का?" आतून वहिनींचा आवाज आला. "भावजी, आमचे हे म्हणत होते, जागा तयार ठेवलीय म्हणून. आज काय ते कळेलच ना?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. डील तिला माहीत होतं. जागा तिला माहीत नव्हती.

"कसली जागा?"

"चहा उकळतोय," मी म्हटलं आणि पळालो.

ती मागोमाग आली. स्वयंपाकघरात मी अर्थातच तू झालो. "तू नोकरी ठरवून बसलायस? त्याला न विचारता?"

"ठरवली नाही. शब्द टाकलाय नुसता."

"म्हणजे तो हरणार हे तू धरूनच चाललास."

"हरेल असं नाही... हरला तर."

ओट्यावरच्या टोपलीत वाणाच्या स्टीलच्या गाळण्या होत्या, बावीस. प्रत्येकीला एक. तिनं टोपली उचलली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "आज तू वर जायचं नाहीस. समजलं? बसून बघायचं."

तीनला पाच कमी असताना मी ट्रे घेऊन दारात उभा होतो. टीव्हीवर बर्फ पांढराशुभ्र, आणि त्यावर आमचा मुलगा हात मागे बांधून हळू हळू घसरत होता. पायाला लांब पात्यांचे बूट, अंगाला घट्ट चिकटलेला निळा सूट. नागपूरहून लेकीकडे आलेल्या एक मावशी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"हा काय तुमचा पोरगा? असा वाकून काहून राह्यला बाप्पा? पोट दुखून राह्यलं का त्याचं?"

"नाही मावशी, तसंच वाकायचं असतं. वारा कमी लागतो."

"अन् कपडे?"

"तेसुद्धा वाऱ्यासाठीच."

"असं कसं पाठवता पोराला उघड्यावर," असं म्हणत मावशी उठल्या. त्यांनी हळदीकुंकवाचं ताट घेतलं, त्यातलं निरांजन लावलं आणि कोणाला काही कळायच्या आत टीव्हीसमोर उभ्या राहून स्क्रीनला ओवाळायला सुरुवात केली. बाकीच्या बायकांनी पदर सावरले. कुंकवाचं बोट त्यांनी स्क्रीनवर टेकवलं, पण नेमका कॅमेरा बदलला आणि ते शेजारच्या लेनमधल्या एका अनोळखी गोऱ्या मुलाच्या कपाळावर लागलं.

"चालतं," मावशी म्हणाल्या, "तोही कोणाचा तरी असंल."

ही शर्यत दोघादोघांची असते. एकजण आतल्या लेनमध्ये, एकजण बाहेरच्या. अर्ध्या वाटेवर, समोरच्या सरळ पट्ट्यात, दोघं लेन बदलतात. आतला बाहेर येतो, बाहेरचा आत जातो, म्हणजे अंतर सारखं होतं. तिथे बाहेरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा नियम आहे. आमचा मुलगा बाहेरच्या लेनमध्ये होता.

पिस्तूल वाजलं. माझे पाय जिन्याकडे वळले. बायकोनं खोलीच्या पलीकडून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी ट्रे घेऊन तिथेच राहिलो. बर्फावर पात्यांचा तो टाळ्या वाजवल्यासारखा कट् कट् आवाज, पहिलं वळण, मुलगा इतका आडवा झाला की हाताची बोटं बर्फाला टेकतील असं वाटलं. मग सरळ पट्टा. तो जवळ येत होता, दुसराही जवळ येत होता, आणि दुसरा थांबला नाही. मुलगा धडक टाळायला ताठ उभा राहिला. एक पाऊल, फार तर दीड. मग पुन्हा वाकला आणि गेला.

तो ताठ उभा राहिला त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहितो, कारण त्या खोलीत ते कोणाला सांगणं शक्य नव्हतं. माझ्या मनात पहिल्यांदा 'अरेरे' आलं नाही. 'सुटलो' आलं. संपलं, आता तो घरी येईल. पुढच्याच क्षणी मी ट्रे जिन्याच्या पायरीवर ठेवून दिला.

तेवढ्यात मुलगा रेघ ओलांडून गेला. दुसऱ्याच्या जरासा पुढे.

"जिंकला!" खोलीत एकच गलका झाला. कोणीतरी बायकोच्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला. बर्मिंगहॅमच्या वहिनींनी तर फोन काढून मित्राला कळवलंसुद्धा, "हो हो, पहिला आला! दोघांतला!" कोणीतरी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या फेसबुक पानावर पेढ्यांचं चित्र टाकलं. तीस सेकंदांत पुण्याहून माझ्या चुलतबहिणीचं 'अभिमान वाटतो' आलं, खाली सात हात जोडलेले.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "दोघांत पहिला आला म्हणजे जिंकला असं नसतं. सगळ्या जोड्यांच्या वेळा एकत्र लावतात. तो आता अठरावा आहे."

टीव्हीच्या कोपऱ्यातला आकडा मी बोटानं दाखवला.

"कितीतला अठरावा?" वहिनींनी विचारलं.

"जगातला. म्हणजे जे आलेत त्यांच्यातला."

"जगातला अठरावा!" वहिनी म्हणाल्या. "आमचा चिरंजीव आमच्या गल्लीतसुद्धा अठरावा नाही, भावजी. गेल्या महिन्यात तो बेडमधून उठण्यात दुसरा आला होता, घरात आम्ही तिघंच."

मग टीव्हीवर ते अडवल्याचं दृश्य पुन्हा पुन्हा दाखवायला लागले. पंचांनी दुसऱ्या मुलाला बाद केलं, आणि निवेदक सांगत होता की आमच्या मुलाला पुन्हा धावायची संधी मिळेल. सगळ्या जोड्या झाल्या की, निदान अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर, एकट्यानं. दोन वेळांपैकी चांगली वेळ धरणार. घ्यायची की नाही हे त्यानं ठरवायचं.

"एकटाच?" मावशींनी विचारलं. "मग तर जिंकतोच नं?"

तो अर्धा तास कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. मी स्वच्छ कप धुतले. मग ते पुसले, आणि पुसताना एक ओला वाटला म्हणून सगळे परत धुतले. दूध उतू गेलं. बाहेर जाऊन कचऱ्याच्या बिन्स बघून आलो, जणू त्या कुठे जाणार होत्या. दोनदा मोबाइल काढला. त्याला लिहावंसं वाटत होतं, "राहू दे रे, पाय थकले असतील, तुझी चूक नाही." हे प्रेमळ वाक्य होतं आणि मी ते टाइपही केलं. मग वाचलं, आणि मला दिसलं की त्या वाक्याच्या मागे मीच उभा आहे, बर्मिंगहॅमची जागा हातात धरून. खोडलं. मग लिहिलं, "जा!" तेही खोडलं. चार वर्षं मी याला सल्ले देत होतो, आणि आता एक शब्द धड लिहिता येईना.

बायको आत आली, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि कणकेच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

"तो जातोय," ती म्हणाली. "दाखवतायत. चल."

मी दारात उभा राहणार होतो, पण मावशींनी जमिनीवर आपल्या पायांपाशी हात थोपटला. "इथं बस. अन् आता हलायचं नाही. माझा मालक असाच क्रिकेट बघताना उठायचा अन् विकेट पडायची." बावीस बायकांच्या मधोमध, गालिच्यावर, मी मांडी घालून बसलो. कोणाच्या तरी बांगड्या माझ्या कानाशी वाजत होत्या.

एकटा माणूस चारशे मीटरच्या ट्रॅकवर किती लहान दिसतो! आता शेजारच्या लेनमध्ये कोणी नव्हतं. वेग धरायला पुढे पाठ नाही, मागून आवाज नाही. स्टेडियममधले लोक टाळ्यांनी ताल धरत होते. तो रेघेवर आला, वाकला, स्थिर झाला. मी पाहिलं की स्थिर व्हायच्या आधी त्याची उजवी मांडी थरथरतेय. आधीच्या कुठल्याही शर्यतीत मला हे कधी दिसलं नव्हतं. मी त्या वेळी नळ सोडून उभा असायचो.

पस्तीस सेकंद फार लांब असतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या शंभर मीटरमध्ये तो नुसता पळतो, घसरत नाही, पात्यांवर पळतो. वळणावर शरीर आत पडतं आणि पडत नाही. समोरच्या पट्ट्यात तो लेन ओलांडून गेला, आडवं यायला कोणी नव्हतं, तरी मी तिथे अंग चोरलं. शेवटच्या वळणावर पाय संपलेले दिसत होते. हात वल्ह्यासारखे फिरत होते. "चल, चल, चल," असं कोणीतरी अगदी हळू म्हणत होतं. रेघ ओलांडल्यावर मला कळलं की तो मी होतो.

आकडे लागले. आधीपेक्षा चांगली वेळ. सतरावा. सोळाव्याच्या मागे सेकंदाचे तीन शतांश.

बायकांना सोळाचं काही माहीत नव्हतं, पण आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवरून त्यांना काहीतरी कळलं असावं. मावशींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मी पन्नाशी उलटलेला माणूस.

तासाभरानं त्याचा फोन आला. मी कणकेच्या डब्यातला फोन झटकत मागच्या बागेत गेलो. थंडी होती, कोट आत बावीस कोटांच्या खाली होता.

"बाबा? बघितला?"

"बघितलं. सगळं."

"खरं? वर नाही गेले?" तो हसला. मग म्हणाला, "माझी पाय एकदम जेली झाली. सतरा. सो... डील म्हणजे डील. मी वीकएंडनंतर येतो."

"तसं नाही," मी म्हटलं. "ती पहिली शर्यत धरायची नाही. त्यानं अडवलं तुला."

"म्हणून तर री-स्केट दिली, बाबा."

"पण दुसरीत पाय थकलेले. आणि एकट्यानं पळायचं म्हणजे... शेजारी कोणी असतं तर तीन शतांश सहज..."

"बाबा, तुम्ही रेफ्री आहे का आता?" तो पुन्हा हसला, पण आता ते हसू दमलेलं होतं. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे? मला खरंच कळत नाही."

याचं उत्तर माझ्याकडे चार वर्षं तयार होतं. पाठ होतं. ते द्यायचं सोडून मी चालायला लागलो. बागेत गेल्या उन्हाळ्यातलं बार्बेक्यू झाकण घालून उभं होतं, मी त्याच्याभोवती फिरत होतो, एक चक्कर, दोन चकरा.

"मी बर्मिंगहॅमच्या काकांकडे तुझ्यासाठी शब्द टाकला होता," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये. तुला न विचारता. जागा आहे, सोमवारपर्यंत."

मी बार्बेक्यूचं झाकण उगाचच नीट बसवलं.

"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "म्हणजे मी इथे ट्रेनिंग करत होता, आणि तुम्ही..."

"हो."

"वाव, बाबा."

"शब्द तू मला दिला होतास. मी घेतला. तो मी परत करतोय. तू यायचं की राहायचं ते तू ठरव. मला रागाव, पण मी अडवलं म्हणून येऊ नकोस."

"मी रागावलो आहे," तो म्हणाला. "आईला सांगा, मी उद्या फोन करतो. उद्या हजार मीटर आहे." आणि त्यानं फोन ठेवला. बाय म्हटलं नाही. आमच्याकडे तो तीनदा बाय म्हटल्याशिवाय फोन ठेवत नाही.

मी आत आलो तेव्हा बर्मिंगहॅमच्या वहिनी पॅसेजमध्ये बूट चढवत होत्या. हातात गाळणी होती.

"वहिनी," मी म्हटलं, "ती जागा... दुसऱ्या कोणाला द्यायची झाली तर..."

त्यांनी बुटाची चेन ओढली आणि सरळ उभ्या राहिल्या. त्या सगळ्या दुपारभर हसत होत्या, आता हसल्या नाहीत. "भावजी, ह्यांनी पाच महिने दोन चांगल्या मुलांना थांबवून ठेवलंय तुमच्या शब्दावर. हे मी नाही सांगणार. सोमवारी तुम्ही फोन करा."

"करतो."

"आणि तो? तो काय म्हणाला?"

"रागावलाय."

"रागावणारच," त्या म्हणाल्या, आणि कोटाची बटणं लावत दारातून बाहेर पडल्या. मागून बायको आली. दार उघडंच होतं आणि घरातली सगळी ऊब बाहेर जात होती. सोमवारच्या फोनवर मित्राला नक्की काय म्हणायचं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत तिथेच उभा राहिलो, आणि पहिलंच वाक्य काही केल्या जमेना.